पाठीशी कोणी नसताना

नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायचा सल्ला दिला तो ऑक्टोबर 2023 मध्ये. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा 90 वर नेला, आणि रविवारी लोकांना कामाला लावता येत नाही याची खंतही बोलून दाखवली. ते राहू दे. माझा संताप होतो तो साताऱ्याच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर तेव्हापासून जे चाललंय त्याने. आजच्या पोरांना कष्ट नकोत, कोणी शब्द बोललेला खपत नाही, जरा काही झालं की राजीनामा. लिहिणारे माझेच वर्गमित्र, पन्नाशी ओलांडलेले. आम्ही कष्ट केले, खरंच केले. पण साहेबासमोर आमच्यापैकी किती जणांनी कधी तोंड उघडलं?

मी श्टुटगार्टला असते. माझ्या टीममधला पंचविशीचा मुलगा पाच वाजता लॅपटॉप मिटतो आणि एस-बान पकडतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. इथल्या कायद्याने दिवसाचे 8 तास, फार तर 10, आणि आज घरी गेल्यापासून उद्या कामावर येईपर्यंत मध्ये 11 तास मोकळे मिळालेच पाहिजेत. कोणी जास्त ताणलंच तर बेट्रिब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनीच निवडून दिलेली कंपनीतली समिती, आहे. तो मुलगा गुणी आहे, मला आवडतो. पण ‘नाही’ म्हणताना त्याच्या पोटात गोळा येत नाही, कारण तो एकटा नसतो.

आता माझी भाची. हिंजवडीत नोकरी, वाकडला तिघींत मिळून फ्लॅट. मॅनेजरने सलग चौथ्या शनिवारी कॉल लावला तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी येणार नाही, आणि हे रोजचंच असेल तर मेलवर लिहून द्या." बाकीची टीम म्यूटवर. तिच्या मागे युनियन नाही. पुढे अप्रेझल आहे, 90 दिवसांचा नोटीस पिरियड आहे, रिलीव्हिंग लेटर अडकवलं तर पुढची नोकरी अडते. हे सगळं तिला माहीत होतं. ग्रुपवर अशा मुलींना उद्धट म्हणतात. मला तिचा अभिमान वाटतो.

जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत भर रस्त्यात कोयता घेऊन एका मुलीच्या मागे लागलेल्याला तरुणांनी अडवलं, तेव्हा याच ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला होता. त्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा होता. म्हणजे ज्यांना एरवी ‘पुण्यात बापाचे पैसे उडवतात’ म्हणून नावं ठेवतात, त्यांच्यातलाच. कोयत्यापुढे उभं राहिलं की ते धाडस सगळ्यांना दिसतं. त्यांचं रोजचं जगणं कोणी बघत नाही.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा दहिवडीचा. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहिला. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री पुन्हा अभ्यासिका. ऑगस्ट 2024 मध्ये राज्यसेवा पूर्व आणि बँकेची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी, 25 तारखेला आली, तेव्हा मुलं शास्त्री रस्त्यावर बसली. हाही बसला. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. गावी मात्र तो रस्त्यावर बसल्याचीच चर्चा. त्यानंतर वर्षभराने त्याने घरी जाऊन सांगितलं, "बास. आता मी परीक्षा देणार नाही." ज्या गावात त्याला आधीच ‘साहेब’ म्हणत होते, जिथे त्याच्या खर्चापायी गाय विकली होती, तिथे वडिलांच्या डोळ्यांत बघून हे बोलायचं. आता ठिबक सिंचनाच्या दुकानात काम करतो. शास्त्री रस्त्यावर हजारो जण सोबत होते. दहिवडीच्या ओसरीवर तो एकटा होता, आणि ते मला कितीतरी अवघड वाटतं.

आणि लग्न. ग्रुपवर हा विषय निघाला की लगेच संस्कार निघतात. भाचीने, तिला विचारूनच लिहिते, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न ठरवलंय. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस लागते. दोघांचं नाव, पत्ता सगळ्यांना दिसेल असं विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावतात. कोणीही वाचावं, कोणीही घरी कळवावं, कोणीही दारात यावं. इथे जर्मनीत लग्नाआधी अशी नोटीस लावायची पद्धत 1998 मध्येच बंद झाली. इथल्या मुलीला हे 30 दिवस काढावे लागत नाहीत. माझी भाची ते काढते आहे, आणि रोज वाकडहून ऑफिसलाही जाते आहे.

"तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?" असं दादा मला म्हणाला. भाचीचा बाप तो. मला राग आला, पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. इतकी वर्षं मी परत का आले नाही याचं उत्तर मी लोकांना पगार, मुलांची शाळा, स्वच्छ हवा असं देत आले. त्याच्या खाली आणखी एक उत्तर आहे. इथे माझ्या वतीने कायदा बोलतो. तिथे मला स्वतःला बोलावं लागलं असतं, ऑफिसात आणि घरातही, आणि ते मला जमलं असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भाचीला जमतंय. साताऱ्यावर माझा हक्क आहे की नाही हे मला ठरवता येत नाही, पण या मुलांवर माझी माया आहे आणि त्यांना कोणी नेभळट म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन तिच्या मैत्रिणी आहेत, तिसरी मी. तिकीट काढलंय. दादाला मीच फोन करून सांगितलं, दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून. तो फार चिडला. त्यामुळे या वेळी साताऱ्याच्या घरी उतरायचं की पुण्यात मैत्रिणीकडे, ते अजून ठरलेलं नाही.