चारात एक म्हणजे नेमकं काय?

"एक मूल आजारी निघालं ना? मग वाटा संपला. पुढची तीन ठणठणीत."

दिग्या सहज बोलून गेला आणि काल रात्री कट्टा जो पेटला तो साडेअकरापर्यंत विझला नाही. बसल्या बसल्या सगळं लिहून काढतोय, कारण हेच वाक्य मी कामाच्या जागीही वरचेवर ऐकतो, आणि दर वेळी ते ऐकताना पोटात गोळा येतो.

विषय नंदूनं काढला होता. त्याच्या मावसबहिणीचा मुलगा तीन वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर. म्हणजे शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन बनवता न येणारा, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता. सहा-सात महिन्यांचा झाला आणि पांढराफटक पडायला लागला. आता दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या वेळी डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं होतं की तुम्ही दोघंही वाहक आहात, चारात एक मूल असं होऊ शकतं. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला तो दिग्यानं लावला तोच.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. अशा मुलाच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की दुसरं काही सांगावं लागत नाही. तांबड्या पेशी बारक्या, फिक्या, वेड्यावाकड्या. काहींच्या मधोमध नेमबाजीच्या चकतीसारखा गडद ठिपका. म्हणून मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "दिग्या, वाटा कसला? ही काय वाटणी आहे?"

"चारात एक म्हणजे चारात एक. एक होऊन गेलं. उरली तीन."

खिशात दोन नाणी होती, ती कट्ट्यावर ठेवली. "हे आईचं, हे बापाचं. हिमोग्लोबिनचा एक भाग बनवायची कृती आपल्या प्रत्येकाकडं दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. वाहक म्हणजे ज्याची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. छाप चांगली, काटा बिघडलेली. मुलाला देताना दोघंही आपल्या दोन प्रतींतली एकच देतात. कुठली, ते आधी ठरलेलं नसतं. उडव."

दिग्यानं उडवली. छाप-काटा. "हे मूल वाहक," मी म्हणालो, "अंगानं ठीक." दुसऱ्यांदा छाप-छाप. तिसऱ्यांदा काटा-काटा. दिग्या म्हणाला, "घ्या, हे तुमचं आजारी. आता तीनदा बघा." चौथ्यांदा पुन्हा काटा-काटा.

कुणी काही बोललं नाही. वैशालीनं पर्समधून पेन काढलं आणि एका जुन्या पावतीच्या पाठीवर रेघा मारायला घेतल्या. चाळीस वेळा नाणी उडवली. काटा-काटा अकरा वेळा पडलं, त्यातलं तीनदा लागोपाठ. मध्येच एकदा सलग नऊ वेळा एकदाही नाही. मागच्या खेपेला काय पडलं याची नोंद नाण्याकडं नसते, आणि बीजांडाकडं किंवा शुक्रजंतूकडंही नसते. प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक. पहिलं आजारी असो, नसो.

अण्णांना तोंडी हिशेबाची सवय. डोळे मिटून म्हणाले, "मग दोघंही वाहक असलेली, चार-चार मुलांची शंभर घरं धरली तर बत्तीसेक घरांत एकही आजारी नाही. बेचाळीस घरांत बरोबर एक. आणि सव्वीस घरांत दोन किंवा जास्त." मी मोबाईलवर करून पाहिलं, बरोबर आलं. ही सव्वीस घरं आमच्या लॅबच्या दारात येतात तेव्हा 'आमच्याच नशिबी दोनदा कसं' असं विचारतात. तेव्हा समोर बसून दोन नाणी उडवून दाखवावीत असं फार वाटतं, पण रांग लागलेली असते.

दिग्यानं मग दुसऱ्या बाजूनं धरलं. "बरं, हे मान्य. पण मुळात आईबाप धडधाकट, आजी-आजोबा धडधाकट, सात पिढ्यांत कुणाला नाही. मग आलं कुठून? रक्त तर मिसळतं ना? अर्धं आईचं, अर्धं बापाचं. दोन्ही पाणी स्वच्छ, तर मिसळल्यावर गढूळ कसं?"

माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी गफलत ती हीच. मिसळत नाही. काहीच मिसळत नाही. ब्रनोच्या मठात मेंडेल नावाच्या संन्याशानं १८५६ पासून सात-आठ वर्षं वाटाण्याच्या रोपांवर घालवली ती हेच बघण्यात. गोल दाण्यांच्या जातीचा सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातीशी संकर केला. मिसळत असतं तर दाणे अर्धवट सुरकुतलेले निघायला हवे होते. निघाले सगळे गोल. सुरकुती गेली म्हणावं, तर त्या गोल दाण्यांच्या रोपांना स्वतःच्याच परागानं फळू दिलं आणि पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल, १,८५० सुरकुतलेले. तिनास एक. मधली अख्खी पिढी सुरकुती दिसली नाही, पण होती, जशीच्या तशी, एक कणही न विरघळता.

"पण दडून का बसते?" हा प्रश्न नंदूचा. मला तो फार आवडला, कारण शाळेत आम्हाला प्रभावी आणि अप्रभावी असे दोन शब्द पाठ करायला लावले आणि तिथंच थांबवलं. जणू एक गुण दुसऱ्याच्या छातीवर बसलेला असतो. तसं काही नाही. वाटाण्यात साखरेपासून फांद्याफांद्यांचा स्टार्च बनवणारं एक विकर (एन्झाइम) असतं. सुरकुतलेल्या जातीत त्या विकराच्या जनुकात सुमारे आठशे अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलाय, त्यामुळं कृती वाचताच येत नाही. साखर तशीच राहते, साखरेमुळं दाणा पाणी जास्त ओढतो, फुगतो, आणि वाळला की कातडी सैल पडून सुरकुत्या. ज्या दाण्यात एक प्रत चांगली आहे तिथं ती एकटी पुरेसं विकर बनवते, म्हणून दाणा गोल. बिघडलेली प्रत कुणी दाबलेली नसते. तिची उणीव दुसरी भरून काढते, एवढंच. हे कळलं १९९० मध्ये, मेंडेलचा निबंध छापून आल्यावर १२४ वर्षांनी.

थॅलेसेमियाच्या वाहकाचंही असंच. एक चांगली प्रत जवळजवळ सगळं काम ओढते. पेशी थोड्या बारक्या राहतात, हिमोग्लोबिन थोडं कमी, आणि आयुष्यभर लोक त्याला लोहाच्या गोळ्या चारत बसतात.

"आणि बिघाड म्हणजे केवढा?" अण्णा.

केवढा, ते ऐका. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो. ए, टी, जी, सी ही चारच अक्षरं, आणि आईकडून आलेल्या एका संचात ती सुमारे तीन अब्ज. बापाकडून तेवढीच. हा मजकूर २३ जोड्यांच्या ४६ गुणसूत्रांत बांधलेला असतो. बीटा-ग्लोबिनची कृती अकराव्या गुणसूत्रावर आहे. तिच्यात दोनशेहून जास्त वेगवेगळे बिघाड सापडलेत आणि त्यातले पुष्कळसे एका अक्षराचे आहेत. तीन अब्जांतलं एक अक्षर. सिकलसेल हा रक्ताचा दुसरा आजारही याच कृतीतल्या बिघाडाचा, त्यातही ए-च्या जागी टी आलं, एवढंच.

वैशाली बराच वेळ गप्प होती, तिनं इथं अडवलं. "एक मिनिट. मिसळत नाही म्हणतोस, मग उंचीचं काय? उंच बाप, बुटकी आई, पोरं बहुधा मधली. डोळ्यांनी दिसतं ते."

मुद्दा बिनतोड होता आणि मी तो मान्य केला. वाटाण्याचं उदाहरण ऐकून लोकांना वाटतं, प्रत्येक गुणाला एक जनुक. बुद्धीचं एक, रागाचं एक, उंचीचं एक. २०२२ मध्ये पन्नास लाखांहून जास्त माणसांच्या डीएनएची तुलना झाली तेव्हा उंचीशी जोडलेल्या सुमारे बारा हजार जागा निघाल्या. प्रत्येकीचा परिणाम केसाएवढा. दोन नाणी उडवली तर तीनच निकाल येतात, बारा हजार उडवली तर बेरीज बहुतेक वेळा मधेच येते. म्हणून मिसळल्यासारखं दिसतं. शिवाय लहानपणी पोटाला काय मिळालं तेही उंचीत उतरतं. पण त्या बाराही हजार जागी अक्षर मात्र अख्खंच येतं, अर्धं येत नाही.

दिग्या म्हणाला, "म्हणजे मी अगदीच चुकीचा नव्हतो." नव्हता. उंचीपुरता.

मग नंदूनं खरं कारण सांगितलं. दुसरं मूल हवंय ते पहिल्याला वाचवायला. भावंडाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, जुळली तर हा मुलगा रक्त चढवण्यातून सुटू शकतो. "म्हणून घरचे म्हणतायत, दुसरं तर चांगलंच होणार, ते पहिल्यालाही बरं करेल."

हे ऐकून गलबलून आलं. इच्छा किती साधी आहे. पण अस्थिमज्जा जुळायची ती ज्या जनुकांमुळं, ती सहाव्या गुणसूत्रावर, आणि थॅलेसेमियाचं अकराव्यावर. दोन वेगळी गुणसूत्रं, एकाला दुसऱ्याची खबर नाही. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एकच. अण्णांनी लगेच केलं: आजारी नसण्याची चारात तीन, जुळण्याची चारात एक, दोन्ही एकदम घडण्याची सोळात तीन. "शेकडा एकोणीसही नाही," ते हळूच म्हणाले. ते मूल नुसतं वाहक असलं तरी त्याची मज्जा चालते, तेवढा दिलासा या हिशेबात आधीच धरलाय.

नंदू खाली बघत होता. "सातवा आठवडा लागलाय तिला."

त्यानंतर वादाचा सूरच बदलला. मी विचारलं, दोघांच्या बिघाडाची डीएनए तपासणी झाली आहे का? त्याला माहीत नव्हतं. ती आधी व्हायला हवी. दोनशे बिघाडांतला कुठला कुणाकडं आहे ते कळल्याशिवाय गर्भात काय शोधायचं तेच कळत नाही. ती हातात असली की अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा घेऊन बघता येतं. पुढं काय करायचं ते त्या दोघांनी ठरवायचं, तिथं कट्ट्याचा किंवा घरच्यांचा संबंध नाही. पण आंधळेपणानं ठरवू नये.

"सासरचे म्हणतात, हिच्याच माहेरचं रक्त खराब," नंदू म्हणाला.

मी उठूनच उभा राहिलो. मुलाला थॅलेसेमिया मेजर झाला याचाच अर्थ दोन बिघडलेल्या प्रती आल्या, एक इकडून, एक तिकडून. एका घराला बोट दाखवायला जागाच नाही. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रजंतूवर ठरतं, हे नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईनं किड्यांच्या पेशी बघून १९०५ मध्ये दाखवून दिलं; शंभर वर्षांहून जास्त झाली, तरी बोल कुणाला लागतात ते आपण बघतोच. विज्ञान ज्या गोष्टीत इतकं स्पष्ट आहे तिथंही बाईलाच उभं करायचं, याची चीड येते.

वैशाली म्हणाली, "म्हणूनच मला तुझ्या तपासण्यांची भीती वाटते. लग्नाआधी सगळ्यांची करा म्हणशील, आणि 'वाहक' हा शिक्का पुन्हा पोरीच्याच कपाळी बसेल."

तिचं चूक नाही. आमच्याकडं बायको वाहक निघाली आणि नवऱ्याला बोलावलं की पहिला प्रश्न येतो, "माझी कशाला?" माझं म्हणणं, दोघांचं रक्त एकाच वेळी घ्यावं. अण्णांचं म्हणणं, आधी एकाचं घ्या, तो वाहक नसेल तर दुसऱ्याचा खर्च वाचतो. वैशाली म्हणाली, मग ते 'एक' नेहमी नवऱ्यापासून सुरू करा. मी सायप्रसचं सांगितलं. तिथं दर सात माणसांमागं साधारण एक वाहक, १९७० च्या दशकापासून सगळ्यांचीच तपासणी सुरू केली आणि अशी नवी मुलं जन्मणं जवळजवळ थांबलं. वाहकांनी एकमेकांशी लग्न करायला बंदी नव्हती. माहिती आधी मिळाली, आणि गर्भाची तपासणीही करता आली. वैशालीला ते पुरेसं पटलं नाही. "सगळ्यांची झाली तर शिक्का नाही, हे ठीक. पण सगळ्यांची होईपर्यंत?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

दिग्यानं त्या पावतीच्या पाठीवरच नंदूला लिहून दिलं: दोघांची बीटा-ग्लोबिनची डीएनए तपासणी, याच आठवड्यात. आधीचे एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचे) रिपोर्ट बरोबर. जनुकीय समुपदेशकाची वेळ. खाली त्याच्याच अक्षरात: प्रत्येक वेळी चारात एक.

नंदूनं तिथंच फोन लावला. पलीकडं बराच वेळ वाजत राहिला.

"दाजी, झोपला नव्हता ना? ताईला नका उठवू. मला आधी तुमच्याशीच बोलायचंय. जवळ दोन नाणी आहेत का?"