'कायमचा पत्ता' या रकान्यात काय लिहू?

चौदा महिने झाले घर सोडून. भाड्याची जागा रिकामी केली, फर्निचर विकलं, पुस्तकं मित्राच्या माळ्यावर टाकली आणि आम्ही दोघं निघालो. तेव्हापासून इनबॉक्सात एकच प्रश्न येतो, "पैशाचं कसं जमवता?" त्याचं उत्तर कंटाळवाणं आहे. लॅपटॉपवर होणारं काम आधीपासून हातात होतं आणि सहा महिने पुरतील एवढे पैसे बाजूला काढले होते. दोन्ही नसेल तर निघू नका, उगाच हात दाखवून अवलक्षण.

मला लिहायचंय ते पत्त्याबद्दल.

बँक, विमा, सिमकार्ड, दवाखान्यातला कागद, सगळीकडे तो रकाना असतोच : कायमचा पत्ता. मी तिथे बहिणीच्या घराचा पत्ता लिहिते. मध्यंतरी माझ्या कार्डाची मुदत संपली. बँकेनं नवं कार्ड इमानेइतबारे त्याच पत्त्यावर पाठवलं. म्हणजे कार्ड ताईकडे, ते चालू करायचा ओटीपी माझ्या नंबरवर, आणि नंबर बंद, कारण मीच शहाणपणा करून रोमिंग काढून टाकलेलं. तीन आठवडे नवऱ्याच्या कार्डावर काढले. चहा प्यायचा तरी, "अरे, जरा कार्ड दे ना." आता जुना नंबर काहीही झालं तरी जिवंत ठेवते, आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत असतात.

पिशव्यांचं म्हणाल तर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे आपण सहज म्हणून जातो. विंचवाला विमानात चढायचं नसतं. बऱ्याच विमान कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोच देतात, त्यातले दीड-दोन किलो लॅपटॉप आणि चार्जरच खातात. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, तीही हातातच घ्यायची.

देशांचे नियमही एका जागी राहणाऱ्या माणसासाठीच केलेले. शेंगेनचंच घ्या, म्हणजे युरोपातला एकाच व्हिसावर फिरता येणारा देशांचा गट. २९ देश, पण हिशेब एकच : कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. नव्वद भरले की एक दिवस बाहेर जाऊन यायचं, मीटर पुन्हा शून्यावर, असं मला वाटायचं. तसं नसतं हो. रोज त्या दिवसापासून मागचे १८० मोजायचे. आमच्याकडे त्यासाठी एक वही आहे, ती पासपोर्टाइतकीच जपतो. बरं, पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून काम करायची मुभा असतेच असं नाही. त्यावर काही देशांनी वेगळे व्हिसा काढले. एस्टोनियानं २०२० मध्ये काढला, थायलंडनं २०२४ मध्ये पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवस राहू देणारा. वाचायला झकास, पण अर्जाबरोबर उत्पन्नाचा नाहीतर शिलकीचा पुरावा जोडावा लागतोच. शिवाय बऱ्याच ठिकाणी वर्षात १८३ दिवस काढलेत की करासाठी तुम्ही तिथलेच धरले जाऊ शकता. आणि कुठेच १८३ भरले नाहीत म्हणजे कुठेच कर नाही, असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी न लागता निघण्याआधी करसल्लागाराला गाठा.

पहिले चार महिने आम्ही दर आठ-दहा दिवसांनी जागा बदलत होतो. पायाला भिंगरी, फोटो भरपूर, आणि भांडणंही. भांडणं कशावरून, तर गीझर आधी कोणी बघायचा यावरून. प्रत्येक नव्या घरात दार आतून कसं लागतं, नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम पाणी येतं, कचरा कुठे टाकायचा, सगळं पहिल्यापासून. रात्री उठले की अंधारात भिंतीवर हात फिरवत बटण शोधायचे आणि बोटं जायची ती आधीच्या घरातल्या बटणाच्या जागी. आता एका ठिकाणी निदान दीड-दोन महिने राहतो. बघून व्हायची ठिकाणं कमी झाली, झोप वाढली. हा सौदा मला तरी मान्य आहे.

"तुम्ही किती मोकळे!" अशा कमेंट येतात तेव्हा मात्र मला कसंनुसं होतं. आमची पत्रं ताई उघडते, त्यांचे फोटो पाठवते, सहीसाठी आलेल्या माणसाला परत पाठवते. ती एका जागी राहते म्हणून आम्ही हिंडतो. तिला परवा हे म्हटलं, तर म्हणाली, "ते सोड, तुमची एक बॅग माझ्या कपाटात पडलीये, ती कधी नेणार?"

सध्याच्या घरात सहावा आठवडा चालू आहे. काल मध्यरात्री वीज गेली. मी उठून, कशालाही न धडकता, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. आणि येत्या रविवारी हे घर सोडायचंय.