‘हात लावल्याशिवाय औषध कसलं?’ या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की वाडीवाडीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: ‘मोबाईलवर डॉक्टरला दाखवू नका. समोरचा खरा डॉक्टर आहे की नाही कळत नाही, तो वाट्टेल ते औषध लिहितो, आणि हात लावल्याशिवाय निदान होत नाही.’ शेवटचा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

वाट्टेल ते औषध लिहिता येत नाही. २५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार पहिल्याच वेळी नुसत्या फोनवर पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधंच देता येतात. एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यातली औषधं, मोजके अपवाद सोडले तर, अजिबात नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक लागतोच. नसेल तर ती चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका.

आता हात लावण्याचं. चालू असलेल्या बीपीचा उपचार हात लावून नाही, आकड्यांवर ठरतो, म्हणून तो फोनवरही चालतो. एसटीतून धक्के खात तालुक्याला पोचल्या पोचल्या मोजलेलं बीपी चढलेलंच दिसणार. घरी पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, बीपी मशीनचा कफ (पट्टा) उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. १ मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून सरासरी १३५/८५ किंवा वर आली, तर डॉक्टरांना तो कागदच दाखवा. कफ दंडाला लहान पडला तर आकडा खोटा वाढतो, हे मात्र बघून घ्या.

मेसेज खरा ठरतो तो इथे. लावणीत चिखलात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दाबताच कळ, डोळे लाल: लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) संशय धरा आणि थेट दवाखाना गाठा. प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) रक्तातूनच कळतं. लघवी कमी झाली तर एक रात्रही थांबू नका. पण समोर बसलेल्या डॉक्टरनेही ‘शेतात उतरला होतात का?’ विचारलं नाही, तर लेप्टो तिथेही निसटतो; आपणहून सांगा.

लाल विंचू चावून दरदरून घाम, हातपाय गार पडले तर व्हिडिओ कॉलवर वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जिचा गुण दाखवून दिला ती प्राझोसिनची गोळी लवकर मिळाली तर जीव वाचतो. पण तिने बीपी एकदम उतरू शकतं, म्हणून रुग्णाला आडवं ठेवून बीपी मोजत राहावं लागतं. वाटेतून आरोग्य केंद्रात फोन करून गोळी आणि डॉक्टर दोन्ही आहेत ना, तेवढं विचारून घ्या.