४८१ नको, मँचेस्टरचं २०८ दाखव

परवा आतेभावाकडे जेवायला गेलो होतो. जेवणं उरकली, बडीशेप फिरली आणि दादाच्या मुलानं विषय काढला, की वनडेतला आजवरचा सगळ्यात भारी संघ कुठला? उत्तरही त्यानंच दिलं. "मॉर्गन कॅप्टन होता तो इंग्लंड. काका, ४८१ मारलेत एका मॅचमध्ये. ४८१!" दादा आयुष्यभर मॅटिंगवर क्लब क्रिकेट खेळलेला माणूस. तो एवढंच म्हणाला, "पाटा दिला की कुणीही मारतं रे." पाटा म्हणजे फलंदाजाला सोपी, सपाट खेळपट्टी. तिथून जे पेटलं ते साडेअकरापर्यंत. मला त्या दोघांचंही पटत नव्हतं आणि तिथे नीट मांडताही आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

२०१५ ते २०१९ चा इंग्लंड माझ्या मते खरोखर महान संघ होता. पण ४८१ हा त्याचा पुरावा नव्हे. मोठा स्कोअर खेळपट्टीबद्दल सांगतो, नियमांबद्दल सांगतो, समोर कोण होतं ते सांगतो आणि फलंदाजांच्या हिमतीबद्दलही सांगतो. संघ किती मोठा आहे हे मात्र ज्या दिवशी त्यांचं नेहमीचं चालत नाही, त्या दिवशी कळतं.

आधी श्रेय देतो, कारण दादा ते अजिबात देत नाही. ९ मार्च २०१५, ॲडलेड. बांगलादेशनं इंग्लंडला १५ धावांनी हरवलं आणि वर्ल्डकपच्या गटातूनच बाहेर काढलं. त्यानंतर तीन महिन्यांत, जूनमध्ये, याच इंग्लंडनं एजबॅस्टनला न्यूझीलंडविरुद्ध ४०८ केल्या. वनडेत त्यांनी चारशे ओलांडायची ती पहिलीच वेळ. कर्णधार तोच मॉर्गन. बदललं होतं डोकं. विकेट हातात ठेवा आणि शेवटी मारा, ही वर्षानुवर्षांची सवय त्यांनी सोडून दिली. बाद झालास तरी चालेल, मागचा मारेल, असं म्हणायचं तर मागे मारणारा असायला हवा, म्हणून फलंदाजी खालपर्यंत नेली. प्रथम श्रेणीत दहा शतकं असलेला आदिल रशीद त्यांच्याकडे शेपटात, म्हणजे अगदी तळाला यायचा! हे पाट्यानं दिलेलं नव्हतं. पाटे आधीही होते.

आता ते ४८१. १९ जून २०१८, ट्रेंट ब्रिज, समोर ऑस्ट्रेलिया. हेल्स १४७, बेअरस्टो १३९, मॉर्गनचं अर्धशतक २१ चेंडूंत. पण त्या ऑस्ट्रेलियाकडे स्मिथ आणि वॉर्नर नव्हते, केपटाऊनच्या चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणानंतर दोघांवर बंदी होती. स्टार्क, कमिन्स, हेझलवूड तिघेही जायबंदी. अँड्र्यू टायनं ९ षटकांत १०० दिल्या आणि विकेट एकही नाही. मुळात निम्मा संघच घरी असलेल्या ऑस्ट्रेलियाला २४२ धावांनी हरवलं. आणि बरोबर नऊ दिवस आधी एडिनबराला काय झालं होतं? स्कॉटलंडनं ३७१ केल्या आणि याच इंग्लंडला ६ धावांनी हरवलं. त्या दिवशी इंग्लंडनंही ३६५ केल्या होत्या.

पुतण्याला मला दाखवायची आहे ती ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्याच मालिकेतली शेवटची मॅच. २४ जून, मँचेस्टर. म्हणजे ४८१ नंतर पाचच दिवसांनी. ऑस्ट्रेलिया २०५ सर्वबाद. इंग्लंड ४ बाद २७. मग ८ बाद ११४. मालिका आधीच ४-० झाली होती, हरले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. ज्या संघाला फक्त धुलाई येते तो इथे दोन-चार आडवे फटके मारून हॉटेलवर गेला असता. बटलर थांबला. रशीदला घेऊन त्यानं ८१ धावा जोडल्या, त्यात रशीदच्या फक्त २०. षटकामागून षटक स्ट्राइक राखत, एकेक धाव मोजत. शेवटी रशीदही गेला, जेक बॉल आला, आणि बटलर ११० वर नाबाद राहून ९ बाद २०८ वर मॅच घेऊन गेला. ट्रेंट ब्रिजला धावांचा पाऊस पाडणाऱ्या संघातलाच हा एक. दुष्काळात कसं जगायचं हेही त्याला येत होतं.

हे मला इतकं आतून का वाटतं, त्याला एक दिवस कारण आहे. १५ जानेवारी २०१७, आपलं पुण्याजवळचं गहुंजे, भारत-इंग्लंड वनडे. मी स्टँडमध्ये होतो. इंग्लंडनं ७ बाद ३५०. आजूबाजूला सगळे गप्प. मग आपले ४ बाद ६३, आणि माझ्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब एक्स्प्रेस-वेवर गर्दी व्हायच्या आत निघूया म्हणून उठलं. कोहलीच्या साथीला केदार जाधव आला. आपल्या गावचा पोरगा, आपल्याच मैदानावर. ७६ चेंडूंत १२०. पायात गोळे आलेले, पळता येत नव्हतं, तरी मारत होता. कोहली १२२. ३५६ करून आपण जिंकलो. त्या रात्री घसा पार बसला होता. पण घरी येताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: ३५० करूनही त्यांच्याकडे आपल्याला थांबवायला काहीच नव्हतं. ४ बाद ६३ वरून सामना सुटतो म्हणजे खुंटी कुठेतरी सैल आहे.

पुढची दोन वर्षं ती सैल खुंटी दिसतच राहिली. त्याच वर्षी चॅम्पियन्स ट्रॉफीची उपांत्य फेरी, कार्डिफ. खेळपट्टी संथ, इंग्लंड २११ वर गार, पाकिस्ताननं आठ गडी राखून खिशात घातली. २०१९ च्या फेब्रुवारीत ग्रेनाडाला ४१८, आणि तीनच दिवसांनी सेंट लुसियाला सगळे ११३ मध्ये तंबूत. मग घरचा वर्ल्डकप. जिथे ४४४ आणि ४८१ झाले त्याच ट्रेंट ब्रिजवर पाकिस्तानकडून हरले. हेडिंग्लेला श्रीलंकेच्या २३२ चा पाठलाग करताना मलिंगानं गुंडाळलं. लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियानं हरवलं. जगातला एक नंबरचा संघ गटातून बाहेर पडायच्या बेतात.

तिथून पुढच्या चार मॅचेस पाहा. एजबॅस्टनला आपल्याविरुद्ध बेअरस्टोचं शतक (ती मॅच आजही सलते), मग न्यूझीलंडविरुद्ध त्याचंच आणखी एक. उपांत्य फेरीत वोक्सनं नव्या चेंडूवर ऑस्ट्रेलियाचं कंबरडं मोडलं, २० धावांत ३. आणि न्यूझीलंडशी अंतिम सामना. १४ जुलै, लॉर्ड्स, चेंडू अडकून येणारी खेळपट्टी, लक्ष्य फक्त २४२. ४ बाद ८६. स्टोक्स आणि बटलर यांनी तिथून ११० जोडल्या. चौकार लागत नव्हते, षटकार दूरच. गप्टिलचा थ्रो स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला हे नशीब, मान्य. झेल घेताना बोल्टचा पाय दोरीला लागला हेही नशीब. सामना बरोबरीत सुटला आणि मग एकेका षटकाची सुपर ओव्हरही बरोबरीत सुटल्यावर २६ विरुद्ध १७ चौकार-षटकार मोजून विजेता ठरवणं हा नियम मला तेव्हाही अन्यायाचा वाटला. आयसीसीनं त्याच वर्षी तो काढून टाकला ते बरं केलं. न्यूझीलंड हरलं असं मी आजही म्हणत नाही. पण ८६ वर चार गेलेले असताना स्टोक्सनं दात-ओठ खाऊन केलेल्या नाबाद ८४, आणि मे महिन्यात पहिला वनडे खेळलेल्या आर्चरनं टाकलेली ती सुपर ओव्हर, यांत नशीब नव्हतं. कार्डिफला कोसळलेला संघ दोन वर्षांत २४१ ची मॅच लढायला शिकला होता. मी त्यांना महान म्हणतो ते यासाठी.

दादाचं म्हणणं, खरा संघ पाँटिंगचा ऑस्ट्रेलिया. २००३ आणि २००७, दोन वर्ल्डकप, प्रत्येकी ११ मॅचेस, एकही हार नाही. यावर वाद घालायची माझी छाती नाही. पण त्याच्याच संघातून मी माझा मुद्दा काढतो. २००३ म्हटलं की सगळ्यांना फायनलला आपल्याविरुद्ध केलेले ३५९ आठवतात, आपल्याला तर जास्तच. मला पोर्ट एलिझाबेथ आठवतं. इंग्लंडविरुद्ध २०५ चं लक्ष्य, ८ बाद १३५, आणि बेव्हन-बिकेल जोडीनं दोन चेंडू राखून काढलेली मॅच. त्याच बिकेलनं आधी २० धावांत ७ बळी घेतले होते. नऊ दिवसांनी त्याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध ७ बाद ८४, पुन्हा हेच दोघं, कसेबसे २०८, आणि मग न्यूझीलंड ११२ सर्वबाद. वॉर्न नाही, गिलेस्पी दुखापतीनं घरी गेलेला. आणि दादा, या दोन मॅचेस तूच मला सांगितल्या आहेस. ३५९ बद्दल तू कधी बोलल्याचं आठवत नाही.

मोठा स्कोअर आणि मोठा संघ यांची फारकत पाहायची असेल तर ४९८ घ्या. हो, ४८१ चा विक्रमही इंग्लंडनंच मोडला, जून २०२२ मध्ये, नेदरलँड्सविरुद्ध. आकडा आधीपेक्षा मोठा. आणि सोळा महिन्यांनी त्याच इंग्लंडला वानखेडेवर काय झालं? ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात टॉस जिंकून आधी फिल्डिंग घेतली, दक्षिण आफ्रिकेनं ३९९ झोडल्या, क्लासेन १०९, आणि इंग्लंड २२ षटकांत १७० वर संपलं. आठ दिवसांनी लखनौला आपण जेमतेम २२९ केल्या. तेवढ्याही त्यांना झेपल्या नाहीत, शमी-बुमराहनं १२९ वर गुंडाळलं. नऊ मॅचेसमध्ये तीन विजय. स्कोअरचा विक्रम वर चढला आणि संघ खाली आला.

दादाचा पाट्याचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो, पण त्यात खेळपट्टीपेक्षा चेंडूचा दोष मोठा. २०११ च्या अखेरीपासून दोन्ही बाजूंनी एकेक वेगळा नवा चेंडू आला. प्रत्येक चेंडू फार तर पंचवीस षटकं जुना होणार, म्हणजे शेवटपर्यंत टणक. जुन्या चेंडूवर मिळणारा रिव्हर्स स्विंग जवळजवळ संपला, फिरकीपटूच्या हातातही कडक चेंडू. मधल्या षटकांत धावा करायला पूर्वी जी अक्कल लागायची तिची गरजच कमी झाली. २०२५ मध्ये आयसीसीनं ३४ षटकांनंतर एकच चेंडू ठेवायचा नियम केला, तो मला मनापासून आवडला. फार उशिरा केला, एवढंच.

आणि २०२५ ची आपली चॅम्पियन्स ट्रॉफी. दुबईत आपण पाचही मॅचेस जिंकल्या आणि एकदाही २७० चा आकडा गाठला नाही. सगळ्यात मोठा स्कोअर २६७. त्याच स्पर्धेत लाहोरला इंग्लंडनं ३५१ केल्या, डकेट एकटा १६५, आणि हरले. सगळ्या मॅचेस एकाच मैदानावर मिळाल्याचा आपल्याला फायदा झाला, हे मी नाकारत नाही. पण न्यूझीलंडविरुद्ध २४९ राखताना वरुण चक्रवर्तीनं पाच घेतले, ती मॅच मला कुठल्याही चारशेपेक्षा जास्त आवडते.

पुतण्याला काल मँचेस्टरचं स्कोअरकार्ड पाठवलं. त्यानं ते आधी कधी पाहिलंच नव्हतं. थोड्या वेळानं फोन आला, "काका, हे पाच दिवसांनी? त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध?" रविवारी तो माझ्याकडे येतोय, बटलरची ती खेळी बसून पाहू म्हणतो. दादाही येणार आहे. आधी पोर्ट एलिझाबेथ लावायचं, या अटीवर.