मागच्या हबची झीज आणि एक लोकप्रिय गैरसमज

जुन्या सायकलींचा मागचा हब (चाकाच्या मध्यावरचा, आरे जोडलेला भाग) झिजत नसे, त्याला दोन थेंब तेल पुरत असे आणि कॅसेटचा (दातेरी चकत्यांचा संच सरकवून बसवायचा) हब कंपन्यांनी निव्वळ विक्रीसाठी आणला, अशा आशयाचा मजकूर सध्या नाशिकच्या सायकलप्रेमींमध्ये फिरतो आहे.

पहिला दावा झिजेचा. हबमध्ये ॲक्सल (मधला दांडा) स्थिर असतो आणि बाहेरचे कवच फिरते. दोहोंमधले छर्रे कवचातल्या वाटीत आणि ॲक्सलवरच्या कोनवर (शंकूसारख्या नटावर) फिरतात. त्यामुळे स्वाराचा भार वाटीच्या सगळ्या परिघावर वाटला जातो, कोनवर मात्र तो कायम खालच्याच बाजूला पडतो. म्हणूनच जुना हब उघडला की कोनच्या एका अंगाला बारीक खड्डे दिसतात आणि वाटी पुष्कळदा शाबूत असते. कोन स्वस्त होता, मिस्त्री तो सहज बदलून देई, इतकेच.

तेलाचे म्हणाल, तर जुन्या अनेक हबांवर तेल सोडायचे छिद्र असे ते वारंवार तेल द्यावे लागे म्हणूनच. पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्यावरून चाक फिरवून आणल्यावर बिनसीलच्या हबात शिरलेला गाळ वरून तेल सोडून निघत नाही. हब उघडून, दोन्ही बाजूंचे पाव इंची छर्रे बदलून ग्रीस भरावे लागते.

खरा घोळ तिसऱ्या दाव्यात आहे. एकेरी फ्रीव्हीलचा (एकाच दातेरी चकतीचा, पेडल थांबले तरी चाक मोकळे फिरू देणारा) हब दणकट होता, हे मान्यच. परंतु फ्रीव्हील कवचाच्या आट्यांवर बसते आणि उजवे छर्रे त्याच्या आतल्या बाजूस राहतात. त्यामुळे चकत्या पाचाच्या सहा-सात झाल्या आणि रोड सायकलींत हबची रुंदी 120 वरून 126 मिलिमीटरवर गेली, तसतसा छर्रे आणि फ्रेम यांमधला ॲक्सलचा निराधार भाग लांबत गेला. वाकवणारा जोर या लांबीच्या प्रमाणात वाढतो. ॲक्सल मात्र 10 मिलिमीटरचाच राहिला. तो उजव्या कोनपाशी तुटला की ‘आजकालच्या लोखंडा’वर खापर फोडले जाते. शिमानोने 1978 मध्ये आणलेल्या फ्रीहबने, म्हणजे कॅसेटच्या हबने, उजवे छर्रे थेट फ्रेमजवळ नेले आणि दुखण्याच्या मुळाशीच हात घातला. इतर काहींनी छर्रे आत ठेवून ॲक्सल जाड केला. व्यास वाढला की बळकटी त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा तोही उपाय योग्यच.

फ्रीहबचे सुटे भाग कंपनीगणिक वेगळे असतात, ही तक्रार रास्त आहे. मात्र जुन्या सायकलीचा ॲक्सल दुसऱ्यांदा तुटला, तर तिसरा आणण्याआधी फ्रेमच्या मागच्या, ॲक्सल बसतो त्या खाचा समांतर आहेत का ते पाहावे. पोलादी फ्रेम 126 ची असेल, तर तीत 130 चा कॅसेट हब सहसा बसवता येतो.