दत्तक घेताय? आधी परतीची सोय विचारून घ्या

मूल दत्तक घ्यायचं ठरलं? अभिनंदन. आता तयारीला लागा.

आधी अपेक्षांची यादी करा. वय जितकं कमी तितकं बरं, म्हणजे त्याला काही आठवायला नको. तब्येत ठणठणीत हवी. रंगाचं थेट लिहू नका, ‘आमच्यात मिसळून जाईल असं’ एवढं लिहा, समजणाऱ्याला समजतं. भावंडं असतील तर त्यातलं एकच, धाकटं.

संस्था सरकारी असेल तर रांगेच्या नावाने बोटं मोडा, खासगी असेल तर फीच्या.

कागदपत्रांबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांनी वैद्यकीय दाखला दुसऱ्यांदा काढलाय, त्यांना कळलं.

गृहभेटीच्या दिवशी घर लखलखीत ठेवा. सोशल वर्कर विचारेल, ‘तुमचं भांडण झालं की काय करता?’ सांगा, आम्ही भांडतच नाही. हे ऐकलं की ती वहीत लगबगीने काहीतरी लिहून घेते. कौतुकच असणार.

आणि पालकांच्या तयारी वर्गाला गेलात, तर मुख्य प्रश्न विसरू नका. गेल्या शनिवारी एका गृहस्थांनी तो अगदी सुरेख विचारला. मी तिथे ‘अनुभवी पालक’ म्हणून दहा मिनिटं बोलायला गेले होते. वर्ग घेणाऱ्या बाईंनी नुकतंच संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं २१वं कलम समजावून दिलं होतं, की दत्तकाच्या बाबतीत सर्वांत वरचा विचार मुलाच्या हिताचा. गृहस्थांनी हात वर केला. ‘ते ठीक आहे मॅडम, पण समजा नाहीच जमलं, तर परत करता येतं का?’

कोणी हसलं नाही. उलट पुढच्या रांगेत दोघांनी उत्तर टिपून घ्यायला पेनाची टोपणं काढली. बाई म्हणाल्या, ‘अंतिम आदेशाआधी देखरेखीचा काळ असतो, पण...’ ‘पण’च्या आधीचं सगळ्यांनी लिहून घेतलं. तो काळ मूल रुळावं, तुम्हाला मदत मिळावी म्हणून असतो, हे त्यानंतरचं होतं.

तर तुम्हीही विचारा. किती दिवसांत परत करायचं, तेही विचारा. आणि ‘नाही जमलं’ म्हणजे काय ते आधीच ठरवून ठेवा. रात्री अंथरूण ओलं केलं तर? ‘आई’ म्हणालंच नाही तर? तुम्हाला सोडून आल्या-गेल्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसलं तर? उशीखाली बिस्किटं लपवली तर? माझी मुलगी लपवायची. चार वर्षांची होती. उशी उचलली की मऊ पडलेली बिस्किटं, आणि ती भिंतीला पाठ लावून माझ्या हाताकडे बघत उभी. घरात डबा भरलेला होता हो! पण डबा उद्याही भरलेला असेल हे तिला कोणी सांगितलं होतं? आणि सांगितलं असतं, तरी तिने का ऐकावं? तोवर मोठ्यांनी सांगितलेलं किती खरं झालं होतं?

तिची एक कापडी पिशवी होती. आत दोन फ्रॉक आणि एक फुटकी कंगवी. मी ती कपाटात ठेवायचे, ती काढून परत दाराशी आणून ठेवायची. सहा आठवडे. आमच्याकडे येण्याआधी एका घराला ती ‘जमली’ नव्हती. तेही असेच वर्गात बसले असतील, वही-पेन घेऊन.

भीती वाटते, सगळ्यांना वाटते, मलाही वाटली होती. मग विचारा ना की मूल रात्री किंचाळत उठलं तर काय करू, मदत कोणाकडे मागू. ते विचारायला लाज वाटते, आणि परतीचं विचारायला वाटत नाही? दुकानात आलात का? ते मूल एकदा टाकलं गेलंय, आणि तुम्ही त्याला बघायच्या आधीच दुसऱ्यांदा टाकायची मुदत विचारताय!

अर्ज मागे घ्या. सोमवारी कार्यालय उघडतं, तेव्हाच जा.