फांदी ओढणारा माणूस

माझी उंची पाच फूट अकरा इंच आहे आणि ती मावशीच्या लक्षात आहे. याखेरीज त्या रविवारी मला नदीवर न्यायचं दुसरं काही कारण नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. फोनवर ती म्हणाली ते वेगळंच. "अरे, वसंत आलाय. नदीकाठचं रान नुसतं पेटलंय. ऑफिसात बसून किती दिवस कुजणार आहेस?" मी कुजण्याच्या बाजूने दोन-तीन मुद्दे मांडून पाहिले. "सकाळी सहाला," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

मावशीने आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं. निवृत्त झाली ती फक्त पगारातून. तिच्या तीन मैत्रिणी बरोबर होत्या, त्याही माजी शिक्षिका. चार शिक्षिका आणि एक विद्यार्थी, असा वर्ग. चौघींच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. माझ्या गळ्यात चौघींच्या पाण्याच्या बाटल्या.

माझी आपली समजूत, की रानफुलं बघायला जायचं म्हणजे ती पायवाटेच्या दोन्ही बाजूंना उभी असणार आणि आपण मधून "वा, वा" करत जायचं. तशी असतात, पण ती पावसाळ्यात. वसंतात आपल्याकडची जमीन वाळून खडखडीत झालेली असते आणि फुलण्याचं खातं झाडांकडे गेलेलं असतं. झाडं फुलतात ती आपल्या डोक्यावर वीस-पंचवीस फुटांवर. त्यातही पळस, पांगारा, काटेसावर ही मंडळी आधी पानं गाळून मोकळी होतात आणि मग फुलतात. पाणी वाचतं, आणि मधासाठी येणाऱ्या पक्ष्यांना फुलंही लांबून दिसतात. हिशेब चोख आहे. सावलीच्या आशेने आलेला माणूस मात्र त्यात कुठेच धरलेला नाही.

म्हणजे फुलं वर. खाली काय, तर उंबराची आणि जांभळाची मुळं वाटेत आडवी पसरलेली, मुळांमध्ये गोटे, आणि या सगळ्यावर करंजाच्या गुलाबी-पांढऱ्या फुलांचा सडा. हा सडा दिसायला देखणा, पण त्याखाली गोटा आहे की खड्डा, ते पाय टाकल्यावरच समजतं. माणसाला मान एकच. वर बघावं तर ठेच लागते, खाली बघावं तर मागून आवाज येतो, "अरे, बघतोयस कुठे?" मी तोडगा काढला. दहा पावलं खाली बघून चालायचं, थांबायचं, वर बघून "वा!" म्हणायचं, की पुन्हा दहा पावलं. अडचण एवढीच, की दर दहा पावलांवर फूल असेलच असं नाही. दोनदा मी विजेच्या तारेला वा म्हटलं.

वनस्पतीशास्त्रातलं मला म्हणाल तर एकच वाक्य येतं, पळसाला पाने तीनच. लहानपणापासून ते मी जपून ठेवलं होतं, आणि वळणावर लालभडक झाड दिसताच बाहेर काढलं. "पळस! पाने तीनच!"

"दाखव," मावशी म्हणाली.

झाडावर एकही पान नव्हतं.

"शिवाय हा पांगारा आहे," दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आणि त्यालाही तीनच असतात."

"आणि ती पानं नव्हेतच," तिसऱ्या बाईंनी शेवटची वीट काढली. "एकाच पानाच्या तीन पर्णिका असतात त्या."

खरा पळस पुढे शंभर पावलांवर निघाला. मावशीने खाली पडलेलं एक फूल उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. ते फूल मी जन्मभर लांबूनच पाहिलं होतं. जवळून पाहिलं तर देठाकडची वाटी काळपट आणि मखमलीसारखी, तिच्यातून बाहेर आलेली केशरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार, आणि पाकळीवर बारीक रेशमी लव. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट की काय?' हजारो वर्षांपूर्वीसुद्धा कुणीतरी झाडाखाली उभं राहून माझ्याइतकंच चुकीचं ओळखलं होतं, आणि त्याची चूक थेट शब्दकोशात गेली. मला जरा बरं वाटलं. शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी, कारण शेंगेत बी एकच. आणि ब्युटिया हे ब्यूटचे तिसरे अर्ल जॉन स्टुअर्ट यांच्यावरून. ते १७६२ ते १७६३ ब्रिटनचे पंतप्रधान होते, वर्षही पुरं झालं नाही. वनस्पतींचा मात्र त्यांना फार नाद. पंतप्रधानपद गेलं ते गेलं, पण पळस अजून त्यांच्या नावावर आहे. आमच्या रानातल्या झाडाचा हा सातबारा कुणी फिरवला, असं मी विचारलं. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतीशास्त्रज्ञाने, असं तीन दिशांनी उत्तर आलं.

फोटोंचं फार बोलत नाही. मी काढलेल्या एकोणचाळीस फोटोंत मागचा दगड अतिशय स्पष्ट आला आहे.

नंतर मला लांबवर एक झाड दिसलं. शेंड्यापासून खालपर्यंत लाल, उन्हात चमकणारं. पळस नाही, पांगारा नाही, हे आता मलाही कळत होतं. हे माझं झाड. मी बाटल्या खडखडवत पळत गेलो आणि ओरडलो, "केवढी फुलं!" चौघी सावकाश आल्या. भिंगाची गरज कुणालाच वाटली नाही.

"कुसुंब," मावशी म्हणाली. "ती पालवी आहे. कुसुंबाची कोवळी पानं लाल असतात, हिरवी मागाहून होतात."

म्हणजे फुलं लाल होती तिथे पानं नव्हती, आणि पानं आली ती लाल. रानाने माझ्याविरुद्ध ठरवूनच हे केलं असावं.

मग माझ्या उंचीची वेळ आली. पाण्यावर झुकलेल्या एका करंजाला वर ताजे तुरे होते आणि मावशीला ते डोळ्यांसमोर हवे होते. "ओढ रे जरा ती फांदी. तोडू नकोस, नुसती धर." मी टाचा उंचावून फांदी वाकवली आणि धरून उभा राहिलो. फांदीच्या टोकाला दहा-बारा पानं एकमेकांना चिकटवून केलेला एक गोळा होता. मला वाटलं, पानांना काही रोग असेल. तेवढ्यात रोग माझ्या बाहीतून आत उतरला.

"अगं मावशी, मुंग्या!"

"लाल?"

"चावऱ्या!"

"विणकर मुंग्या!" मावशीच्या आवाजात जो आनंद होता तो माझ्या लग्नातही नव्हता. "सोडू नकोस फांदी! बायांनो, घरटं बघा. सांग बघू, पानं जोडायला यांना धागा कुठून मिळतो?"

मुंग्या काखेपर्यंत पोचल्या असताना तोंडी परीक्षा. मी उत्तरादाखल आणखी दोनदा ओरडलो. उत्तर असं, की कामकरी मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून पानांच्या कडांवरून फिरवतात, आणि अळ्यांच्या तोंडातून जे रेशीम निघतं त्याने पानं शिवली जातात. तान्ह्या पोरांना कामाला लावणारी ही जात मला दयामाया दाखवील, अशी आशाच नको होती. चावल्यावर त्या जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतात, हेही मावशीने सांगितलं. ती माहिती माझ्यापाशी तिच्या आधीच पोचली होती.

मी फांदी सोडली. फांदी वर गेली आणि तिच्यावरच्या उरलेल्या मुंग्या खाली आल्या.

पुढची दहा मिनिटं मी नदीत होतो. गुडघाभर पाणी, अंगात बनियन, आणि काठावर चौघीजणी करंजाच्या तुऱ्यावर चर्चा करताहेत. बाहेर आलो तेव्हा ठरवून टाकलं, की आता वर बघायचं नाही, ओढायचं नाही, ओळखायचं तर मुळीच नाही. पलीकडे मऊ सोनेरी लव असलेल्या वाळक्या शेंगा लोंबत होत्या. हात पुढे गेला, पण मागून चार गळ्यांतून एकच शब्द आला, "खाजकुयली!" हात मागे आला. पाणी संपलेल्या काठावर थोडी सपाट जागा दिसली. निदान तिथे झाड नव्हतं. मी डोळे मिटून खाली बसलो.

आणि लगेच उठायला लागलो.

"काय झालं?" मावशी आली. वाकली. भिंग डोळ्याला लावलं. ते माझ्या पायजम्याच्या नको त्या भागाच्या इतक्या जवळ नेलं, की तिच्या मैत्रिणींनी क्षणभर नदीकडे पाहिलं. "अरे, भुईरिंगणी! अख्ख्या वाटेवर जमिनीलगतचं एक फूल दिसेना, आणि तू शोधलंस बघ!"

भुईरिंगणी जमिनीला चिकटून पसरते. पानांच्या वरच्या बाजूने पिवळे सरळ काटे, खालच्या बाजूनेही काटे, देठावर काटे. संस्कृतात कंटकारी. दशमुळांतली एक, असंही समजलं. फूल जांभळं, वांग्याच्याच कुळातलं, मध्ये पिवळेधमक परागकोश. ते उभे चिरत नाहीत, त्यांना टोकाला बारीक भोकं असतात. भुंगा येऊन फुलाला बिलगतो आणि अंग थरथरवून गुणगुणतो, तेव्हा कुठे त्यातून पराग झडतात.

हे सगळं मी धड बसलेलो नाही आणि धड उभाही नाही, अशा अवस्थेत ऐकलं. एक हात गोट्यावर, दुसरा हवेत, पायजमा अजून भुईरिंगणीच्या ताब्यात. शेवटी मी जोर करून उठणार, एवढ्यात कानाजवळून जाडजूड काळं काहीतरी घूं करत गेलं आणि माझ्या मांडीपासून चार बोटांवरच्या फुलावर उतरलं. चारही मोबाईल एकदम वर झाले.

"हलू नकोस," मावशी कुजबुजली. "आत्ता गुणगुणेल."